रिमोटने उघडणारे चोकर: एक हिवाळा वापरल्यावर

स्पेक्स सगळ्यांना माहितीयेत, बटण दाबलं की चोकर, म्हणजे खोडाला आवळून ओढायच्या तारेला जोडणारा फास, सुटतो, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. आम्ही ऑस्ट्रियात, पूर्व टिरोलमध्ये, ट्रकवरच्या टॉवर यार्डरला (उंच खांबावरून तार ताणून लाकूड ओढणारं मशीन) हे लावलेत. २०१८ च्या व्हाया वादळाने आडवं केलेलं आणि त्यानंतर सालीखालच्या किड्याने वाळवलेलं स्प्रूस (सूचिपर्णी झाड), उतार असा की ट्रॅक्टर घालायचं नावच नको, सगळं तारेवरून वर ओढायचं.

सुरुवातीला जाम खुश होतो. प्रोसेसरने (फांद्या काढून खोड कापणारं यंत्र) खोड धरायचं, बटण दाबायचं, झालं, ऑपरेटरला केबिन सोडावी लागत नाही. आधी दर खेपेला उतरा, चिखल तुडवा, चोकर सोडवा, परत चढा. धरा खेपेमागे एक मिनिट वाचलं, दिवसाच्या ५० खेपा, तर ५० मिनिटं झाली की!

मग थंडी पडली आणि बॅटऱ्यांनी मान टाकली. रात्री फुल चार्ज, दुपारी बंद, आणि लोडच्या मधलाच चोकर नेमका अडतो. सर्व्हिसवाला म्हणतो अख्खा सेट पाठवा, बघून सांगतो. अहो सेट पाठवला तर लाकडं काय सुतळीने बांधू? वर चार्जर एकच दिलाय, दुसऱ्याचे वेगळे पैसे!! एका चोकरच्या किमतीत साध्या तारेचे कितीतरी येतात आणि त्यांना प्लग लागत नाही.

आता मत जरा बदललंय, पण चार्जरमुळे नाही. वेळेचा हिशोब बघितला तर खरा वेळ खाली जातो, जिथे गडी तार बाजूला ओढत नेऊन खोडाला अडकवतो. आणि लाईन उभारण्यात. टॉवर, मधला सपोर्ट, स्कायलाईन (वर ताणलेली मुख्य तार), समजा तिघांचे ६ तास म्हणजे १८ माणूस-तास. त्या लाईनवर १०० घनमीटरच निघालं तर घनमीटरमागे जवळपास ११ मिनिटं नुसत्या उभारणीची, ३०० निघालं तर ४ च्या आत. खोडं बारीक असली की तर बोलूच नका, खेप तेवढाच वेळ घेते आणि लाकूड निम्मं. ब्रोशरमधला ताशी आकडा फक्त मशीन चालू असतानाचा असतो, तो बघून रेट कोट करू नका.

ठेवणार आहे मी हे, पायांना आराम आहे. दुसरा चार्जर मात्र घेणार नाही, साधे चोकर केबिनमागे टांगून ठेवलेत. कोणाच्या सेटमध्ये बॅटरी जागेवरच बदलता येते का? येत असेल तर मॉडेल सांगा.