निळी डे लिली मागवताय? आधी पार्सल नीट बघा

डे लिली हे फुलझाड, पण निळ्या फुलाची डे लिली जगात नाही. लव्हेंडर आहे, गडद जांभळी आहे, फुलाच्या घशाजवळ निळसर झाक असलेलीही आहे. पण जाहिरातीतली आभाळी निळी अजून कोणालाच साधलेली नाही. फोटोत नुसता रंग फिरवलेला असतो. नीट पाहिलं तर पानांवरही निळसर छटा चढलेली सापडते.

असले फोटो दाखवून ऑनलाइन बी विकायच्या या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे उशीर. बियांपासून फूल यायला दीड-दोन वर्षं सहज जातात, आणि माल परत करायची मुदत आठ-दहा दिवसांची. म्हणून पाकीट आल्याआल्या बी तळहातावर घ्या. डे लिलीचं बी काळं, चकचकीत, गोलसर, साधारण मिऱ्याएवढं असतं. कोनदार, सुरकुतलेलं, बारीक काळं बी निघालं तर ते कांद्याचं समजा. पेरून झालं असेल तर कोंब बघा: दुमडलेल्या सुईसारखा वर येतो आणि चुरगळला की कांद्याचा वास.

बी खरं असलं तरी नावाची जात त्यातून मिळत नाही. ‘स्टेला दे ओरो’ या जातीच्या बियांतून काय वाट्टेल ते उगवेल, स्टेला नाही. ती मुळांचा गड्डा फोडून, फुटवे वेगळे करूनच वाढवतात.

‘डे लिलीचे कंद’ हे शब्द दिसले तरी सावध व्हा. हिला कांद्यासारखा कंद नसतोच. जाड, मांसल मुळांचा झुबका आणि त्यावर हातपंख्यासारखी दोन्ही बाजूंना पसरलेली पानं, असं तिचं रूप. पार्सलातून छोटे कांदे निघाले तर बहुतेक रेन लिली. फुलते झकास, पण ती शेजारी मागितली तरी मिळते!

नर्सरीत साध्या नारिंगी झाडाला भारी नावाची पट्टी लावलेली असते. तिथे फुलावर असलेलंच झाड घ्या, तेही सकाळी जाऊन. फूल एका दिवसाचं. पानं हिवाळ्यात झडणारी जात आहे का, हेही विचारा. तसली जात कोकणच्या उकाड्यात दरवर्षी खुरटत जाते.

पार्सल फोडताना पत्त्याच्या चिठ्ठीसकट व्हिडिओ काढा. विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पैसे घेऊन विक्रेत्याचं वेबपानच गायब झालं असेल तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.

खरा गड्डा हाती आलाच, तर दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. पानाच्या खालून पांढरा कागद फिरवा. नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग आहे.