सुपरचार्जर उतरवलाच नाही, बिल मात्र उतरवल्याचं

लातूर, नांदेड, परभणी, बीडकडं ज्यांनी पुण्या-मुंबईहून सेकंडहँड मोठी जर्मन पेट्रोल गाडी आणलीय किंवा आणायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे लिहायलो. गाडी जुनी झाली की तिचा भाव उतरतो पण तिच्या पार्टचा भाव काही उतरत नाही, आणि नेमकं तिथंच काही गॅरेजवाले टपून बसलेत. गॅरेजचं नाव इथं टाकत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय, शहराचं नाव पण नको म्हणले. गाडीची कंपनीही सोडा, जाणकारांना इंजिनावरून कळेलच, २९९५ सीसी, व्ही सिक्स, पेट्रोल, आणि दोन्ही बँकच्या, म्हणजे सिलेंडरच्या दोन ओळींच्या, मधल्या खाचेत वर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबानं हवा भरणारा पंप, बसवलेला.

आपल्या मराठवाड्याला मोठ्या गाड्यांची हौस आहे हे कुणी नाकारू नये, २०१० ला औरंगाबादेत एका दिवसात १५० मर्सिडीज आल्या होत्या, देशभर बातम्या झाल्या होत्या. हौसेचं काही वाईट नाही. पण ह्या गाड्यांचं आतलं काम जाणणारे फिटर आपल्याकडं थोडे, त्यामुळं माणूस दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी घेऊन जातो, तिथं सोडून बसनं परत येतो, आणि मागं काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

आधी इंजिनाचं समजून घ्या, कारण फसवणूक सगळी त्या रचनेतच आहे. टर्बो पण हवाच दाबून भरतो, पण तो सायलेन्सरकडं जाणाऱ्या गॅसवर फिरतो, सुपरचार्जर मात्र क्रँकच्या पुलीवरून पट्ट्यानं फिरतो, त्यामुळं पाय दिला की लगेच ओढ लागते, चालवायला मजा येते. पण हा सुपरचार्जर बसवलाय कुठं तर इंजिनाच्या मधोमध, आणि त्याच्या खाली काय काय झाकलंय बघा: थर्मोस्टॅट म्हणजे उष्णतेप्रमाणं कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व, पीसीव्ही म्हणजे क्रँककेसमधली, इंजिनाच्या खालच्या पेटीतली, ऑइलची वाफ खेचून परत इनटेकला देणारा व्हॉल्व, आणि पुढच्या अंगाला वॉटर पंप. पार्ट तसे छोटेच, थर्मोस्टॅट मुठीत मावतो, पण तिथवर पोचायला अख्खा सुपरचार्जर बाहेर काढावा लागतो. त्याच्या पोटात दोन इंटरकूलर असतात, त्यातनं पण कूलंटच फिरतं, म्हणजे कूलंट काढा, होज काढा, पट्टा काढा, बोल्ट ठरलेल्या क्रमानं सोडा, परत बसवताना नवे गॅस्केट, टॉर्क रेंच, आणि शेवटी व्हॅक्यूम लावून कूलंट भरायचं म्हंजे आत हवा राहत नाही. म्हणून शहाणे मालक एकदा सुपरचार्जर निघाला की खालचे तिन्ही पार्ट एकदमच बदलून घेतात, मजुरी एकदाच लागते. हा सल्ला बरोबर आहे. त्या गॅरेजवाल्यानं मला हाच सल्ला दिला, शब्द न् शब्द बरोबर, म्हणून तर शंका आली नाही.

माझ्या गाडीला त्रास तीन होते. चेक इंजिनचा दिवा, त्यात पी २१८१ हा कूलिंगचा कोड आणि सोबत दोन्ही बँकला मिक्स्चर लीन, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, असल्याचे पी ०१७१, पी ०१७४. आयडलला बारीक शिट्टी वाजायची, ऑइलचं झाकण चालू गाडीत काढायला गेलं की आतून असं ओढून धरायचं की हाताला जोर लावावा लागायचा, ही पीसीव्हीचा पडदा फाटल्याची खूण. आणि कूलंट हळूहळू कमी व्हायलं होतं, पंपाजवळ गुलाबी पावडरीसारखे डाग. डॅशबोर्डवरचा काटा मात्र कायम ९० वर, त्या काट्यावर भरवसाच ठेवू नका, थोडं खालीवर झालं तरी तो जागचा हलत नाही अशीच त्याची सेटिंग असते. खरा आकडा ओबीडीच्या डोंगलवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या छोट्या यंत्रावर दिसतो, मी लातूरच्या औसा रोडनं बाहेर पडून हायवेला बघितलं तर टेंपरेचर ७० च्या आसपास, म्हणजे थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला.

आमच्या इथल्या चाचांना दाखवलं, वयस्क फिटर, अँबेसिडरपासूनच्या गाड्या उघडलेला माणूस. ते सरळ म्हणले, "साब, बीमारी तुमने बराबर पकडी, पन सुपरचार्जर मैंने कभी उतारा नहीं, तुमारी गाडी पे सीखूंगा नहीं." असं सांगणारा माणूस आजकाल मिळत नाही.

मग ओळखीतून ते मोठ्या शहरातलं गॅरेज. एसीची केबिन, काचेतनं लिफ्टवरच्या गाड्या दिसायलेत, मालक स्वतः इंग्रजीत पीसीव्ही, बूस्ट, डायफ्राम समजावून सांगायलाय. म्हणला, "दादा, सुपरचार्जर काढतोच आहे तर व्हॉल्वचा कार्बन पण साफ करून देतो." हेही खोटं नाही बरं का, डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व धुतला जात नाही, त्यात पीसीव्ही खराब असला तर ऑइलची वाफ येऊन त्यावर भाजून बसते. तर पंप, थर्मोस्टॅट, पीसीव्ही, गॅस्केट, पट्टा, कूलंट, कार्बन सफाई, मजुरी धरून १ लाख ३८ हजार. अर्धे आगाऊ. पक्कं बिल अकाउंटंट आल्यावर व्हॉट्सॲपला टाकतो म्हणला, ते काही आजतागायत पडलं नाही, आहे ते निस्तं हातानं लिहिलेलं कच्चं बिल, आणि आगाऊचे पैसे फर्मच्या खात्याऐवजी कुणाच्या तरी खासगी युपीआयवर घेतले.

मधी फोटो आले. सुपरचार्जर टेबलावर, खाली खाचेत सगळं उघडं, काम एकदम व्यवस्थित. गाडी परत घेतली तवा दिवा बंद, शिट्टी बंद, कूलंटची टाकी भरलेली, आणि एका खोक्यात "तुमचे जुने पार्ट". मी खुश.

लातूरला येईपर्यंत डोंगल लावला नव्हता. घरी आल्यावर एकदा सहज म्हणून लावला आणि हायवेला गेलो, तर आकडा परत ७० च्या आसपास. नवा थर्मोस्टॅट असता तर तो नव्वदीकडं चढायलाच पाहिजे. त्याला फोन केला तर म्हणला नवीन पार्ट सेट व्हायला वेळ लागतो. थर्मोस्टॅट काय नवी चप्पल आहे का सेट व्हायला! त्यात मेण असतं, ठराविक उष्णतेला फुगतं आणि व्हॉल्व उघडतं, पहिल्या दिवसापासून.

तवा ते खोकं उघडून चाचांपुढं ठेवलं. चाचांनी पंप उचलला, फिरवून बघितला आणि हसायलेच. त्या पंपाची पुली दातेरी. "साब, ये टायमिंग बेल्ट पे चलने वाला पंप है, किसी डिझेल का. तुमारे इंजिन में टायमिंग बेल्ट किधर है, चेन है उसमें." बरोबर होतं, माझ्या इंजिनाची टायमिंगची चेन मागं गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि वॉटर पंप बाहेरच्या रेषा-रेषांच्या साध्या पट्ट्यावर फिरतो, त्याला दाते असायचा संबंधच नाही. म्हणजे कुणाच्या तरी डिझेल गाडीतला निघालेला पंप माझा जुना म्हणून खोक्यात टाकला होता. मग ते फोटो परत मोठे करून बघितले. एका फोटोच्या कोपऱ्यात फेंडरची कड दिसायली, पांढरी. माझी गाडी राखाडी आहे.

तरी त्या वेळेपर्यंत मला वाटायलं होतं की निदान शिट्टी तरी थांबली, म्हणजे पीसीव्ही बदलला असंल. तेच सगळ्यात वाईट निघालं. थोड्याच दिवसात इंजिनाच्या पुढच्या बाजूनं ऑइल ओघळायलं, पार्किंगमध्ये डाग. गाडी पुण्याला दुसऱ्या वर्कशॉपला नेली, तिथं उघडताना मी स्वतः उभा होतो आणि सगळ्याचं शूटिंग केलं. क्रँककेसची वाफ बाहेर नेणाऱ्या ब्रीदरच्या पाइपात रबरी बुच कोंबलेलं आणि वरून काळं सिलिकॉन. पडदा फाटल्यामुळं इंजिन जास्तीची हवा ओढत होतं म्हणून शिट्टी वाजायची, वाटच बंद केली म्हणून आवाज बंद. पण पिस्टनच्या बाजूनं जो गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतो त्याला बाहेर पडायला जागाच राहिली नाही, मग प्रेशर वाढून सील फोडून ऑइल बाहेर. सुपरचार्जरच्या इंजिनात तर ही वाट आणखी नाजूक, कारण बूस्ट असताना इनटेकमधली दाबाची हवा उलटी क्रँककेसमध्ये शिरू नये म्हणून त्या व्हॉल्वमध्ये वन-वेची सोय असते. म्हणजे ज्यानं बुच मारलं त्याला काय बिघडेल हे पक्कं माहीत होतं.

सुपरचार्जरच्या बोल्टांच्या डोक्यावर पान्याचा एक ओरखडा नाही, वर जुनी धूळ ऑइलमध्ये भिजून घट्ट झालेली. काढल्यावर खाली थर्मोस्टॅट मूळचाच, प्लॅस्टिकवर जो छोटा गोल छाप असतो त्यात साल आणि महिन्याचा बाण असतो, ते साल गाडीच्याच सालाचं. पीसीव्ही पण तोच. व्हॉल्ववर कार्बनचे थर जसेच्या तसे. आणि कूलंट, त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्यात कूलंट किती ते दाखवणाऱ्या यंत्रावर ठेवला तर जवळपास निस्तं पाणी, रंगापुरतं काहीतरी घातलेलं. त्यात लीक बंद करायची पावडर पण टाकली होती, पंपाचं गळणं तेवढ्यापुरतं थांबलं ते तिच्यामुळं, पण ती पावडर इंटरकूलरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. ४२-४३ डिग्रीच्या उन्हाळ्यात आपण गाडी पळवणार आणि आत बोअरचं जड पाणी. आपल्याला काय सांगायचं, २०१६ ला मिरजहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव हे, बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉईलचं काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे. कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं, हेच पाहिजे, आणि कंपनीनं सांगितलेल्याच प्रकाराचं.

नवीन असं एकच काय ते निघालं, सुपरचार्जरचा पट्टा. तो बाहेरूनच दिसतो ना!

आता कुणी असं काम करायला गाडी देत असंल तर माझं ऐका. सुपरचार्जर निघाल्यावर गाडीची नंबर प्लेट, किलोमीटर आणि खालची उघडी खाच एकाच सलग व्हिडिओत मागा, सुटे फोटो घेऊ नका, फोटो कुठल्याही गाडीचे असतात. जमलं तर त्या दिवशी स्वतः जाऊन उभं राहा, काम एका दुपारचं नाहीच, संध्याकाळी गाडी तयार म्हणला तर तिथंच समजा. बिलावर प्रत्येक पार्टचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट, कारण सुधारित पार्टला शेवटचं अक्षर बदलतं आणि जुना माल खपवणारे तेवढंच गाळतात. रिकामी खोकी पण घ्या. काम आधी आणि नंतर डोंगलवर हायवेचं टेंपरेचर लिहून ठेवा. दिवा बंद झाला म्हणून खुश होऊ नका, कोड खोडायला स्कॅनरवर एक बटन लागतं, आणि कोड खोडल्यापासून गाडी किती चालली तो आकडाही डोंगलवर येतो. ज्याला हे सगळं मागितल्यावर राग येतो त्याच्याकडून गाडी परत घ्या, माझ्या पुण्याच्या माणसाला काही राग आला नाही, उलट त्यानं स्वतःच लाइट धरला.

तक्रारीचं म्हणाल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, तिथं नोंद केली, पुढं नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखापर्यंत असली तर फी लागत नाही, घटनेपासून २ वर्षांच्या आत दाखल करावं लागतं, आता ई-जागृती ह्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन पण होतं. दुसऱ्या वर्कशॉपचा लेखी रिपोर्ट, निघालेले पार्ट आणि ते बुच मी पिशवीत सील करून ठेवलंय. युपीआयची नोंद तर बँकेतूनच मिळाली, खासगी खात्यात घेतले म्हणून काही लपत नाही.

त्यांनी नोटिशीला उत्तर पाठवलं. त्यात म्हणायलेत की ग्राहकानं लोकल मिस्त्रीकडून गाडी उघडली, बुच त्यानंच बसवलं असंल, आणि फोटो फक्त नमुन्यादाखल पाठवले होते. हे शेवटचं वाक्य वाचून वकील खुर्चीतच सरळ बसले, कारण व्हॉट्सॲपवर त्याच फोटोखाली त्यांच्याच मालकानं लिहिलंय, "दादा तुमची गाडी, काम जोरात चालू आहे." दातेरी पंपाबद्दल मात्र त्या उत्तरात एक अक्षर नाही.