‘टू लेट फॉर टीअर्स’: १६ मिमी प्रिंट घ्यावी की ब्लू-रे?

१९४९च्या या गुन्हेपटाची जुनी १६ मिमी प्रिंट (प्रोजेक्टरवर चालवायची फिल्मची प्रत) विकायला आली आहे, ती घेऊ की ब्लू-रे पुरे, असं एका संग्राहक मित्राने विचारलं. लिझाबेथ स्कॉटची पैशासाठी कुठल्याही थराला जाणारी जेन पामर ज्यांना भावली, त्यांना हा मोह मी समजू शकतो.

चित्राच्या बाबतीत ब्लू-रे सरळ पुढे आहे. कॉपीराइट संपल्याने या चित्रपटाच्या धूसर, कापलेल्या प्रती वर्षानुवर्षं फिरल्या. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट-संग्रहाने वेगवेगळ्या प्रती जुळवून तो दुरुस्त केला आणि २०१६ साली डिस्क आली. काळ्या सावल्यांमधले तपशील तिच्यातच दिसतात.

टिकाऊपणाचा प्रश्न मोठा. जुन्या १६ मिमी प्रिंट बहुधा अ‍ॅसिटेट या प्लास्टिकच्या असतात. अ‍ॅसिटेट फिल्म उष्णता आणि दमटपणात कुजते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर सौदा सोडा. हा रोग थांबत नाही, थंड-कोरड्या जागेत फक्त मंदावतो. आकसलेली फिल्म प्रोजेक्टरमध्ये फाटते. पूर्ण लांबीची प्रिंट साधारण ३,६०० फूट भरते, म्हणून प्रत्येक रीळ तपासा. हा चित्रपट पुढे ‘किलर बेट’ या नव्या नावानेही प्रदर्शित झाला; प्रिंट त्या नावाची आहे का, तेही पाहा.

खर्चात प्रोजेक्टर, त्याचा दिवा, देखभाल धरा. डिस्कला यातलं काही लागत नाही.

तरीही पडद्यावर प्रकाशातून उमटणारी फिल्म वेगळीच, हे मी मनापासून मानतो. प्रोजेक्टर चालवता येत असेल, थंड जागा असेल, तर चांगली प्रिंट जरूर घ्या. चित्रपट पुन्हापुन्हा बघायचा, अभ्यासायचा असेल तर ब्लू-रेच घ्या.