टॉरविल-डीन की व्हर्च्यू-मॉयर : आइस डान्स बघायला सुरुवात कुणापासून करायची?

आइस डान्स नव्याने बघायला घेतलं की दोन जोड्यांची नावं सारखी कानावर येतात, ब्रिटनचे जेन टॉरविल-क्रिस्टोफर डीन आणि कॅनडाचे टेसा व्हर्च्यू-स्कॉट मॉयर, आणि मग प्रश्न पडतो की आधी कुणाचं करिअर बघू. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या असतील तर व्हर्च्यू-मॉयर, आणि फक्त पाच मिनिटं असतील तर टॉरविल-डीन.

अगदीच नवीन असाल तर एवढं लक्षात ठेवा, आइस डान्स म्हणजे बर्फावर जोडीने करायच्या स्केटिंगचा एक प्रकार, यात पेअर्स या जोडीच्याच दुसऱ्या प्रकारासारखं पार्टनरला हवेत फेकणं नसतं, हात डोक्याच्या वर नेऊन उचलणं नसतं, मोठ्या मोठ्या उड्याही नसतात. सगळा खेळ पायात. ब्लेड आतल्या कडेवर आहे की बाहेरच्या, दोघांमध्ये अंतर किती राहतंय, आणि एकमेकांचा तोल कसा सांभाळला जातोय ते बघायचं, फुगडीत एकीने जरा हात सैल सोडला की दुसरीला लगेच कळतं ना, तसंच काहीसं.

टॉरविल-डीन दोघं नॉटिंगहॅमचे. ती विमा कंपनीत क्लार्क, तो पोलिसात, १९७५ ला जोडी जमली आणि नोकरी सांभाळून प्रॅक्टिस चालायची. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये पाचवे आले, पुढे नॉटिंगहॅमच्या सिटी कौन्सिलने पैशाची मदत दिली म्हणून पूर्णवेळ खेळता आलं, आणि मग १९८१ ते १९८४ सलग चार वर्ल्ड टायटल्स! पण लोकांच्या मनात राहिलं ते सारायेव्हो ऑलिंपिक, १४ फेब्रुवारी १९८४, संगीतकार राव्हेलचं ‘बोलेरो’.

आणि ते का राहिलं हे जवळून बघण्यासारखं आहे. मूळ संगीत पंधरा मिनिटांच्याही वर, कितीही कापलं तरी ४ मिनिटं २८ सेकंदांच्या खाली येईना, आणि नियमाची कमाल मर्यादा ४ मिनिटं १० सेकंद. पण घड्याळ सुरू व्हायचं ते ब्लेड टेकवून स्केटिंग सुरू झाल्यावर, मग यांनी काय केलं, तर सुरुवातीचे १८ सेकंद दोघं बर्फावर गुडघ्यावर बसून नुसतेच झुलतात, ब्लेड टेकतच नाही. मला हे फार फार आवडतं, कारण नियमातून वाट काढता काढता त्या नाचाची सगळ्यात हळवी जागा तयार झाली. मार्क्स किती, तर आर्टिस्टिक इम्प्रेशनला नऊच्या नऊ जजेसचे ६.० आणि टेक्निकलला अजून तीन, म्हणजे एकूण बारा वेळा पैकीच्या पैकी. त्यानंतर दोघं प्रोफेशनल झाले, प्रोफेशनल स्केटर्सना परत घेणारा नियम झाल्यावर १९९४ ला लिलेहॅमरला परत आले, पस्तिशी ओलांडलेली, तरी ब्रॉन्झ घेतलंच.

आता व्हर्च्यू-मॉयर. स्कॉटच्या घरातच स्केटिंग, १९९७ ला त्याच्या घरातल्याच एका नातेवाईकाने दोघांची जोडी लावून दिली तेव्हा टेसा फक्त सात-आठ वर्षांची आणि तो नऊचा. लहान वयात घर सोडलं, पुढे अमेरिकेत मिशिगनला कँटनच्या रिंकवर ट्रेनिंग. ऑक्टोबर २००८ मध्ये टेसाच्या पायांचं ऑपरेशन झालं, स्केटिंग करताना नडगीच्या भागातल्या स्नायूंमध्ये इतका दाब वाढायचा की सहन व्हायचं नाही, आणि त्यानंतर दीड वर्षात, २०१० ला, व्हँकुव्हरला घरच्या प्रेक्षकांसमोर गोल्ड, ती वीस आणि तो बावीस. आइस डान्सचं ऑलिंपिक गोल्ड उत्तर अमेरिकेत जाण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परत ऑपरेशन.

मग सोची २०१४. तिथे हरवलं कुणी, तर वर्षानुवर्षं त्याच रिंकवर सोबत प्रॅक्टिस करणाऱ्या अमेरिकेच्या मेरील डेव्हिस आणि चार्ली व्हाइटने, १९५.५२ विरुद्ध १९०.९९. रोज सकाळी ज्यांच्या बाजूने स्केटिंग करत आलात त्यांच्याकडूनच सिल्व्हरवर यायचं, हे सोपं नाही. दोन वर्षं स्पर्धा बंद, बऱ्याच जणांना वाटलं संपलं, पण २०१६ ला परत आले, मॉन्ट्रियलला नवीन कोच घेतले, २०१७ ला तिसरं वर्ल्ड टायटल आणि २०१८ ला प्याँगचांगला गोल्ड, तेही ०.७९ पॉइंटने.

हा ०.७९ नीट बघा, कारण सुरुवात यांच्यापासून करा म्हणते त्याचं खरं कारण इथे आहे. स्पर्धेत दोन नाच असतात, आधी शॉर्ट डान्स आणि मग फ्री डान्स, आणि दोन्हीचे पॉइंट मिळवतात. फ्रान्सचे पापादाकिस आणि सिझरोन फ्री डान्समध्ये यांच्या पुढे होते, १२३.३५ विरुद्ध १२२.४०. पण शॉर्ट डान्समध्ये पापादाकिसच्या ड्रेसचा मानेजवळचा हूक निघाला आणि तो सांभाळत तिला सगळा नाच पुरा करावा लागला, तिथे यांचे ८३.६७ आणि त्यांचे ८१.९३. बेरीज २०६.०७ आणि २०५.२८. आताच्या पद्धतीत प्रत्येक लिफ्टला, प्रत्येक ट्विझलला, म्हणजे एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकण्याला, वेगळे पॉइंट मिळतात, त्यामुळे कुठे कमावलं कुठे गमावलं हे नवख्यालाही शोधता येतं. ६.० च्या काळात आकडा दिसायचा, कारण दिसायचं नाही, आणि शिकणाऱ्याला कारण लागतं.

दुसरं म्हणजे हरणं. टॉरविल-डीनची चढण फार सरळ दिसते, लिलेहॅमरपर्यंत मोठा धक्काच नाही (१९८३ ला दुखापतीमुळे युरोपियन चॅम्पियनशिप हुकली, तेवढंच). व्हर्च्यू-मॉयरमध्ये गोल्ड, ऑपरेशन, सिल्व्हर, ब्रेक आणि परत गोल्ड, सगळं एकाच जोडीत बघायला मिळतं आणि पायातला फरकही वर्षागणिक कळतो. पण नव्याने काहीतरी रचणं याचं वेड असेल, स्वतः नाचत असाल, कोरिओग्राफी करत असाल, तर माझं ऐकू नका, सरळ टॉरविल-डीनच घ्या, त्या बाबतीत माझ्या मते आजही त्यांच्या जवळ कुणी नाही.

बाकीच्यांनी व्हँकुव्हर, सोची, प्याँगचांग अशा क्रमाने बघा, प्रत्येक फ्री डान्स दोनदा, एकदा चेहरे बघत आणि एकदा फक्त पाय बघत. मग सारायेव्हो लावा, आणि सुरुवातीचे १८ सेकंद काहीच होत नाहीये असं वाटून व्हिडिओ पुढे ढकलू नका.