जुन्या पीसीत ‘चार जीबीचं’ ग्राफिक कार्ड: ठाण्यात मला कसं गंडवलं

ठाणे स्टेशनच्या बाजूला एका दुकानातून ग्राफिक कार्ड (पीसीत पडद्यावरचं चित्र तयार करणारं कार्ड) घेतलं आणि साडेसहा हजारांची टोपी बसली. तक्रार चालू आहे, त्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण ती कुठल्याही दुकानात चालेल अशी आहे.

भाचीच्या अरंगेत्रमचं, म्हणजे भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाचं, शूटिंग माझ्याकडे होतं. हँडीकॅम फुल एचडी, एव्हीसीएचडीवाला. घरचा पीसी २००९च्या सुमाराचा, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, चार जीबी रॅम. फाइली हार्डडिस्कवर उतरल्या, पण एडिटिंगला घेतल्या की चित्र जरा चालायचं आणि गोठायचं, आवाज मात्र पुढे पळायचा. कानावर पुढचा नाच जतिस्वरम पडतंय आणि पडद्यावर मुलगी अजून त्याआधीच्या अलारिपूतच अडकलेली! शिवाय दोन फाइलींच्या जोडावर आवाज क्षणभर तुटायचा.

सीपीयू उचलून दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने झाकणसुद्धा न उघडता निदान केलं. “काका, यात कार्डच नाही. एचडी फुटेज ऑनबोर्डवर (मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सवर) चालतं का कुठे? चार जीबीचं टाकून देतो, एकदम मक्खन चालेल.” आणि आवाज का तुटतो? “तेही कार्डामुळेच.”

खरं तर फसवणूक इथेच सुरू झाली, कार्ड तर अजून खोक्यातच होतं. एव्हीसीएचडी हा सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ साली आणलेला प्रकार, आत एच.२६४ कॉम्प्रेशन, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत. त्यात पूर्ण चित्र अधूनमधून एखादंच साठवतात, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. त्यामुळे कॅमेऱ्यात जागा कमी लागते, पण टाइमलाइनवर (एडिटिंगच्या पट्टीवर) मध्येच कुठे थांबायचं तर मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब करत यावं लागतं. मी वापरतो तसल्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम मुख्यतः प्रोसेसरच करतो, आणि माझा प्रोसेसर तिथेच धापा टाकत होता. काही महागड्या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या कार्डाने फरक पडतो, नाही असं नाही. पण मी कोणतं सॉफ्टवेअर वापरतो हे त्या पठ्ठ्याने विचारलंच नव्हतं.

आवाज तुटण्याचं तर ग्राफिक कार्डाशी काही देणंघेणंच नाही. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड एफएटी३२ पद्धतीचं असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, म्हणून कॅमेरा लांब शूटिंगचे तुकडे पाडतो. ‘स्ट्रीम’ फोल्डरमधल्या व्हिडिओच्या एमटीएस फाइली नुसत्या ओढून घेतल्या की जोडावर असा खड्डा पडू शकतो. मेमरी कार्डावरचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून कॅमेऱ्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरमधून उतरवलं की तुकडे सांधून मिळतात. फुकटात.

आता माल. खोक्यावर नाव एनव्हिडिया कंपनीच्या कार्डाचं: जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. विंडोजमध्येही तेच नाव, तेवढीच मेमरी. दुकानात दाखवलं तेव्हा सगळं झकास. घरी आल्यावर थोडं एडिटिंग झालं की पडद्यावर रंगीत चौकटी, मग काळा पडदा. दुकानात फोन केला तर म्हणे, “काका, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करू नका, पेनड्राइव्हवर दिलाय तोच ठेवा.” अस्सल कार्डाला कंपनीच्या ताज्या ड्रायव्हरची भीती का वाटावी?

कल्याणचा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याने कार्ड हातात घेतलं, मागची पट्टी बघितली आणि हसलाच. जुन्या मॉनिटरसाठी असतो तो निळा व्हीजीए पोर्ट! २०१६ साली आलेल्या या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. मग त्याने जीपीयू-झेड चालवलं. हे छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि २०१८ पासूनच्या आवृत्त्या बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखतात. नावाच्या आधी चौकटी कंसात ‘फेक’ असं लिहून आलं. आतली चिप निघाली जीटीएस ४५०, म्हणजे २०१०ची. अस्सल कार्डात ७६८ कुडा कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, असतात, यात १९२. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डाची ओळख साठवणाऱ्या चिपमध्ये) नवं नाव आणि फुगवलेली मेमरी लिहून ठेवतात, विंडोज बिचारं वाचून तेच दाखवतं. खरी मेमरी संपली की रंगीत चौकटी.

बिलाचा किस्सा वेगळाच. मागितलं तेव्हा “बिल घेतलं तर वर अठरा टक्के जीएसटी पडेल” असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला आणि कोऱ्या चिठ्ठीवर ‘ग्राफिक कार्ड ४ जीबी’ लिहून दिलं. सीरियल नंबर नाही, मॉडेल नाही. कार्ड घेऊन परत गेलो तर मालक स्वतः पुढे आला. “साहेब, माल चेक करून दिलाय, याला फक्त टेस्टिंग वॉरंटी.” म्हणजे दुकानात चालवून दाखवलं की जबाबदारी संपली; हा मंत्र त्यांना तोंडपाठ असतो. पैसे मी यूपीआयने दिले होते, तेही दुकानाच्या नव्हे तर मालकाच्या वैयक्तिक खात्यावर गेले होते. आता तीच नोंद माझा पुरावा आहे.

एडिटिंगचं काम शेवटी कार्डाशिवायच झालं. शॉटकट हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं आणि सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू केलं. ते प्रत्येक फाइलची हलकी प्रत बनवतं, आपण त्या प्रतीवर कापाकापी करायची आणि एक्सपोर्ट करताना ते मूळ एचडी फाइल वापरतं. प्रती बनायला रात्रभर लागली, एक्सपोर्टलाही वेळ लागला, पण टाइमलाइन अडखळली नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो. तक्रार गेल्यावर मालकाचा फोन आला, आवाज एकदम मऊ. अर्धे पैसे देतो म्हणाला, अट एकच, कार्ड आणि खोकं दोन्ही परत द्यायचं. मी त्याला सांगितलं, पूर्ण पैसे खात्यावर जमा होऊ देत, मग घेऊन जा.