प्लेअर्स हँडबुक (२०१४): मरणाचे नियम चोख, तंट्याचे अपुरे

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, प्रत्येकाने एकेक पात्र वठवत खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचं हे नियमपुस्तक पात्राला मरायला वेळ देतं, आणि हीच त्याची खरी ताकद. हिट पॉइंट, म्हणजे पात्राची जीवनशक्ती, शून्यावर आले की आपल्या प्रत्येक टर्नच्या (पाळीच्या) सुरुवातीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. १० किंवा जास्त आलं तर यश, नाहीतर अपयश. तीन यशांनी पात्र स्थिर, तीन अपयशांनी मृत. १ पडला तर दोन अपयशं. २० पडला तर एक हिट पॉइंट घेऊन पात्र शुद्धीवर येतं. पडलेल्याला पुन्हा मार बसला की आणखी एक अपयश. हे विसरलात तर मरण लुटुपुटीचं होतं.

मेलेल्याला जिवंत करणारा ‘रिव्हिव्हिफाय’ हा मंत्र मरणानंतर मिनिटभरातच चालतो आणि त्यात ३०० सुवर्णनाण्यांचे हिरे संपतात. हिरे कुणाच्या थैलीत आहेत ते आधीच लिहून ठेवा. वाद तिथेच पेटतो.

खेळाडूंमधल्या तंट्यावर मात्र पुस्तक फारसं बोलत नाही. चोराचं पात्र घेतलेला खेळाडू साथीदाराचाच खिसा कापतो, वर ‘माझं पात्र असंच आहे’ म्हणतो. खेळ तुम्ही चालवत असाल तर तेव्हा फासे टाकू देऊ नका. खेळ थांबवा, ज्याचं नुकसान होणार त्याची संमती विचारा. ‘सेशन झीरो’साठी, म्हणजे खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी बसून अपेक्षा आणि मर्यादा ठरवण्यासाठी, २०२०चं पूरक पुस्तक ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ सोबत घ्याच.