अनुदानात मागायचं काय: व्हीएचएफ की जीपीएस कॉलर?

काही वन्यजीव-अनुदानांत रोख रक्कम मिळत नाही, उपकरणंच मिळतात. म्हणून प्राण्याचा माग काढायला त्याच्या गळ्यात बांधायचा पट्टा, म्हणजे कॉलर, कोणती मागायची हे अर्ज भरण्याआधी नीट ठरवा. व्हीएचएफ कॉलर नुसता रेडिओ सिग्नल सोडते; तो माणसानं अँटेना घेऊन शोधायचा.

जीपीएस-उपग्रह कॉलर प्राण्याची जागा स्वतःच नोंदवून पाठवते. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ २०१९ मध्ये थेट बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तो मार्ग कॉलरमुळेच कळला. इतक्या लांब जाणाऱ्या जनावरामागे अँटेना घेऊन माणूस किती फिरणार? पण उपग्रहसेवेचं शुल्क भरतच राहावं लागतं. उपकरण-अनुदानात ते बसत नसेल, तर महागडी कॉलर मुकी होते. शिवाय नोंदी जितक्या जास्त, तितकी बॅटरी लवकर संपते.

व्हीएचएफचं तसं नाही. रिसीव्हर आणि यागी अँटेना (सिग्नल कोणत्या दिशेनं येतो ते दाखवणारी) एकदा मिळाली की वर्षानुवर्षं, नव्या टॅगांसाठीही (प्राण्याला लावायच्या सिग्नल-यंत्रांसाठी) वापरता येते. दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेऊन जागा काढायची. डोंगरदऱ्यांत सिग्नल आपटून फसवतो, पाय मोडतात. पण प्राणी काय खातो, कुठे विसावतो हे त्यामागे चालणाऱ्यालाच दिसतं. छोट्या पक्ष्यांना, छोट्या वटवाघळांना तर बहुधा हलका व्हीएचएफ टॅगच पेलतो.

उदमांजर, घुबड असा लहान टापूतला अभ्यास असेल तर मी बेधडक व्हीएचएफ मागायला सांगेन. पकडण्याची परवानगी मात्र दोन्हींना लागतेच; ती आधी मिळवा.